पेशीतल्या धरणाची पाणीपातळी

जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात सकाळी उठल्या उठल्या दोन चौकश्या होतात. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं, आणि राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले? ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. आपल्या प्रत्येक पेशीतही अशीच धरणं आहेत, आणि त्यांची पातळी मोजायला रंगाची पट्टी लागते.

ही धरणं म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिका. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलातून सरकत शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि त्या ओघात प्रोटॉन पटलाबाहेर उपसले जातात. बाहेर साठा चढतो, आतली बाजू ऋणभारित राहते. परत आत येणारे प्रोटॉन एटीपी सिंथेज नावाचं चाक फिरवतात आणि त्यावर एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं नाणं, तयार होतं. राधानगरीच्या पायथ्याला वीजघर आहे, तसंच हे. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा ती फारशी कुणाला पटली नव्हती. १९७८ मध्ये त्यांना त्यासाठीच नोबेल मिळालं.

पटलाच्या दोन बाजूंमधला विजेच्या दाबाचा फरक हीच या धरणाची पातळी. ती साधारण १५० ते १८० मिलिव्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या सेलच्या जेमतेम दहावा हिस्सा. पण पटलाची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी! हिशेब केला तर मीटरमागे अडीच-तीन कोटी व्होल्ट होतात. हवेत ठिणगी पडायला तीसेक लाख पुरतात. हा आकडा पहिल्यांदा स्वतः मांडून पाहिला तेव्हा मी गुणाकार पुन्हा तपासला होता.

इतक्या लहान जागेत तारा खुपसणं अवघड, म्हणून रंग. रोडामाइन १२३ हा रेणू धनभारित आहे, तरी स्निग्ध पटलातून पार होतो. ऋण बाजूकडे तो ओढला जातो, आणि दर ६० मिलिव्होल्टला आतलं प्रमाण सुमारे दहापट होतं. म्हणजे १८० ला हजारपट. निळा प्रकाश टाकला की तो हिरवा चमकतो, आणि जिवंत पेशीत तंतुकणिका धाग्यांसारख्या उजळून दिसतात. लान बो चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये हे दाखवलं. टीएमआरएम हा याच कुळातला रंग आज जास्त वापरात आहे.

पण ही पट्टी वाचायला शिकावं लागतं. रंग जास्त घातला तर आत रेणूंची इतकी दाटी होते की ते एकमेकांची चमक मारतात. मग पातळी उतरून रंग बाहेर पडला की प्रकाश कमी न होता उलट वाढतो! तोच प्रयोग, तीच पेशी, आणि रंगाच्या मात्रेवरून निष्कर्ष उलटा. जेसी-१ हा रंग दाटीचाच फायदा घेतो: विरळ असताना हिरवा, गर्दीत पुंजके झाले की लालसर. शिवाय पेशीचं बाहेरचं पटलही रंग ओढतं, त्यामुळे दोन वेगळ्या पेशींची तुलना करताना तेही हिशेबात धरावं लागतं.

मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते पुढेच आहे. पातळी म्हणजे वीजनिर्मिती नव्हे. तालमीत बैठका मारणाऱ्या मल्लाच्या मांडीत एटीपी झपाट्याने खर्च होतं, चाकं जोरात फिरतात, प्रोटॉन भराभर आत येतात आणि पातळी थोडी उतरते. निर्मिती मात्र जोरात असते. उलट ऑलिगोमायसिन या रसायनाने चाक अडवलं तर पातळी चढते आणि त्या चाकांवरची निर्मिती थांबते. नवजात बाळाच्या तपकिरी चरबीत तर जणू स्वयंचलित दरवाजेच आहेत. यूसीपी-१ हे प्रथिन प्रोटॉनना चाक टाळून आत सोडतं, आणि त्या ऊर्जेची ऊब होते.

त्यामुळे नुसती चमक पाहून ‘पेशी थकली’ किंवा ‘पेशी ठणठणीत’ म्हणता येत नाही. जाणते संशोधक सोबत ऑक्सिजनचा खपही मोजतात. आणि शेवटी एफसीसीपी हे रसायन टाकतात. ते प्रोटॉनना पटलातून सरळ वाट करून देतं आणि धरण रिकामं होतं. त्यानंतरही जी चमक उरते ती पातळीची नसते. ती आधीच्या आकड्यातून वजा करायची.