विषाणू जातो, जनुकांवरच्या खुणा राहतात

हेपॅटायटिस सीचा विषाणू शरीरात शिरला की निम्म्याहून अधिक जणांच्या यकृतात तो वर्षानुवर्षं ठाण मांडतो. या काळात रुग्णाची जनुकं तीच राहतात, पण त्यांचं वाचन बदलतं. आपल्या पेशींत प्रथिनांची माहिती साठवणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत. त्यांतली कोणती वाचायची आणि किती, हे पेशी प्रसंग पाहून ठरवते. याला जनुकीय अभिव्यक्ती म्हणतात.

विषाणूची चाहूल लागताच पेशी इंटरफेरॉन हे धोक्याचा इशारा देणारं प्रथिन सोडतात आणि विषाणूविरोधी शेकडो जनुकं जागी होतात. संसर्ग अल्पकाळाचा असेल तर ती पुन्हा शांत होतात. जुनाट संसर्गात मात्र अनेकांच्या यकृतात ती जागीच राहतात, आणि तरीही विषाणू टिकून असतो. मला सगळ्यांत विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट. इंटरफेरॉनची इंजेक्शनं हाच मुख्य उपचार होता तेव्हा ज्यांच्या यकृतात ही जनुकं आधीपासून जोरात चालू होती, त्यांनाच औषधाचा गुण कमी येई. सतत इशारा मिळत राहिल्यावर यूएसपी१८ सारखी प्रथिनं तो इशारा दाबतात. मग बाहेरून दिलेल्या इंटरफेरॉनला पेशी दाद देत नाहीत.

दुसरा बदल संसर्गित पेशी मारणाऱ्या टी-पेशींमध्ये होतो. शत्रू वर्षानुवर्षं समोर राहिला की त्यांच्यात टॉक्स नावाचं जनुक सक्रिय होतं, पृष्ठभागावर पीडी-१ हे लगाम घालणारं प्रथिन वाढतं आणि त्यांचा मारा मंदावतो. यामुळे विषाणूचं फावतं, हे खरं. पण हा लगाम नसता तर यकृताचीच अधिक हानी झाली असती, म्हणून याला निव्वळ बिघाड म्हणणं मला पटत नाही.

आज तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी साधारण ८ ते १२ आठवड्यांत ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण विषाणूमुक्त होतात. इंटरफेरॉनने जागवलेली जनुकंही लवकर शांत होतात. थकलेल्या टी-पेशी मात्र पूर्णपणे पूर्ववत होत नाहीत: कोणती जनुकं वाचायला खुली ठेवायची हे ठरवणारे डीएनएच्या वेष्टणातले बदल बऱ्याच अंशी तसेच राहतात. यकृताच्या पेशींतही अशा काही खुणा उरतात आणि त्यांचा संबंध कर्करोगाच्या जोखमीशी दिसतो. म्हणूनच ज्यांना उपचारापूर्वीच सिरॉसिस (यकृतात व्रण साठून ते कठीण होणं) झाला होता, त्यांनी विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहायला हवी. विषाणूचा अहवाल निगेटिव्ह आला म्हणून ही तपासणी बंद करू नये.