डासनिवारण, नैसर्गिक (खानदेश)

धूर, पाला, सुगंधी तेले आणि आच्छादन यांच्या साहाय्याने डासांना माणसापासून, विशेषतः बाळंतिणीच्या खोलीपासून व तान्ह्या मुलांपासून, दूर ठेवण्याच्या खानदेशातील रूढ पद्धती. आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे येथे विचारात घेतले आहेत. तापीकाठचा काळा सपाट पट्टा आणि सातपुड्याचा डोंगराळ भाग यांतील रिवाज एकसारखे नाहीत. सपाटीवर निंब आणि गवऱ्यांचा धूर प्रमुख, तर डोंगरात निर्गुडी, करंज यांसारख्या रानातल्या वनस्पतींचा वापर अधिक. निंबाचा पाला जाळणे, निर्गुडीच्या डहाळ्या दाराशी किंवा धान्याच्या कणगीत ठेवणे हे उपाय महाराष्ट्रभर आढळतात. खानदेशचे वैशिष्ट्य म्हणून ज्याची दखल घ्यावी लागते ते रोशा गवताचे तेल.

डासांचे तीन गट येथे महत्त्वाचे आहेत. ग्रामीण हिवतापाचा मुख्य वाहक ॲनोफेलीस क्युलिसिफेसीस पाट, नदीपात्रातील डबकी व विहिरींतील स्वच्छ पाण्यात वाढतो आणि रात्री चावतो. दिवसा तो गोठ्यात व अंधाऱ्या खोल्यांत बसून असतो. क्यूलेक्स क्विंकिफॅसिएटस गटारांत व घाण पाण्यात वाढतो व तोही रात्रीचा. डेंग्यू पसरवणारा ईडीस ईजिप्ताय मात्र घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा, सकाळी व सूर्यास्तापूर्वीच्या काही तासांत अधिक चावतो. दिवेलागणीला धुरी करण्याचा रिवाज पहिल्या दोघांच्या वेळा धरून आहे. तिसऱ्याला तो लागू पडत नाही.

धुरी : फुटक्या माठाचे खापर किंवा घमेले, त्यात गवरीचे निखारे, वर निंबाचा अर्धवट वाळलेला पाला अशी साधी धुरी गोठ्यात व अंगणात केली जाते. पाला पूर्ण सुकलेला असेल तर तो भडकतो आणि धूर होत नाही, म्हणून तो थोडा ओला ठेवतात. बाळंतिणीच्या खोलीतील धुरी निराळी. शेगडीवर ओवा, बाळंतशेपा, वेखंड, लसणाची साले, ऊद किंवा गुग्गुळ टाकून खोली, कपडे व पुष्कळदा मूलही शेकले जाते.

या दुसऱ्या प्रकाराचा उगम कशात, याविषयी मतभेद आहेत. आयुर्वेदीय परंपरेत सूतिकागार (बाळंतिणीची खोली) व बालकाच्या संदर्भात धूपनाला, म्हणजे धुरी देण्याला, मोठे स्थान असून काश्यपसंहितेत धूपकल्प हा स्वतंत्र अध्यायच आहे. या संहितेची खंडित पोथी नेपाळात मिळाली व ती १९३८ मध्ये छापली गेली. ग्रंथाचा काळ मात्र वादग्रस्त असून उपलब्ध पाठात निरनिराळ्या काळांतील भर असावी, असे सामान्यतः मानले जाते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड, सापाची कात इत्यादींचे तुपात भिजवलेले धूपन सांगितले आहे. या द्रव्यांचा हेतू ग्रंथकारांच्या दृष्टीने रक्षोघ्न, म्हणजे अदृश्य बाधा टाळणारा आहे. डासांचा उल्लेख त्या ठिकाणी नाही. त्यामुळे ‘आयुर्वेदाने सांगितलेला डासांवरील उपाय’ असा जो दावा केला जातो, तो मागाहून लावलेला अर्थ दिसतो. याहून महत्त्वाचे असे की, चरकातील त्या वाक्यात धूपन सांगितले आहे ते बालकाच्या वस्त्रांना, अंथरूण-पांघरुणाला. मूल धुरावर धरण्याचा प्रघात लोकाचारातून आलेला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

धुराने डास मरत नाहीत. धूर दाट असेपर्यंत ते दूर राहतात व विरळ होताच परततात. याउलट गवरीच्या धुरातील सूक्ष्म कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात आणि लहान मुलांतील न्यूमोनियाशी घरातील धुराचा संबंध सुस्थापित आहे. कपडे व गोधड्या धुरी देऊन, खोली वाऱ्याला मोकळी करून मग मूल आत नेणे हा जुन्या ग्रंथाशी आणि आजच्या बालवैद्यकाशी सारखाच जुळणारा मार्ग होय.

रोशा तेल : रोशा किंवा रोहिष गवत (सिंबोपोगॉन मार्टिनाय) हे गवती चहा व सिट्रोनेला यांच्याच प्रजातीतील बहुवर्षायू गवत आहे. जातिवाचक नाव जनरल क्लॉड मार्टिन यांच्यावरून पडले. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धकाळात बालाघाटच्या पठारावर त्यांनी याचे बी गोळा केले आणि ते वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांच्याकडे पोहोचले. संस्कृत निघंटूंतील (औषधी द्रव्यांच्या कोशांतील) ‘कत्तृण’, ‘रौहिष’ व ‘भूतृण’ यांपैकी नेमके कोणते नाव या गवताचे, यावर एकमत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉयल यांनी शेजारच्या निमाडमधील या गवतात प्राचीन पाश्चात्त्य ग्रंथांतील ‘कॅलॅमस ॲरोमॅटिकस’ ही सुगंधी वनस्पती पाहिली व गवताला तसे नावही दिले. ही ओळख आता फारशी मानली जात नाही. गवताचा ॲन्ड्रोपोगॉनमधून सिंबोपोगॉनमध्ये झालेला बदल व त्याच्या भाऊबंदांची आजची विभागणी मुख्यतः वनस्पतिशास्त्रज्ञ ओट्टो स्टाफ यांच्या १९०६ मधील कामावर आधारलेली आहे.

तेल गाळण्याचा धंदा खानदेशात केव्हा सुरू झाला हे निश्चित सांगता येत नाही. काही लेखक तो अठराव्या शतकापर्यंत मागे नेतात; निमाडच्या गवती तेलाचे इंग्रजी वैद्यकीय उल्लेख मात्र १८२० नंतरच्या दशकातील आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वर्णनांनुसार धंद्याचे मूळ ठिकाण पिंपळनेर असून, तेथील गवत कमी झाल्यावर तो नंदुरबार, शहादा व तळोदा भागात सरकला. गवत पश्चिम खानदेशातील उघड्या डोंगरउतारांवर, विशेषतः सातपुड्यातील अक्राणीत, वाढे. पावसाळा सरताना भिल्ल ते कापून आणत व गाळणारे, जे बहुधा मुसलमान असत, त्यांच्याकडून विकत घेत. जळण व वाहते पाणी जवळ हवे म्हणून भट्टी ओढ्याच्या काठी खणली जाई. लोखंडी किंवा तांब्याच्या मोठ्या कढईत पाणी व चिरलेले गवत काठोकाठ भरून झाकण पक्के करीत. झाकणाच्या भोकातून निघणारी बांबूची नळी कापडाने गुंडाळून, उडदाच्या पिठाने लिंपून, दोरीने आवळून दुसऱ्या बंद भांड्यात सोडत. हे भांडे गळ्यापर्यंत वाहत्या पाण्यात बुडवलेले असे. ते भरत आले की हलू लागे. तीच नळी काढण्याची खूण. मग द्रव तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळायचा आणि वर तरंगणारे तेल हळूहळू काढून घ्यायचे. उरलेले पाणी पुन्हा नव्या गवताबरोबर कढईत जाई. १८७९-८० साली १९७ भट्ट्या व सुमारे ७१ हंड्रेडवेट, म्हणजे अदमासे ३,६०० किग्रॅ. तेल, अशी नोंद आढळते. माल कोंडाईबारी घाटाने सुरतेस व धुळे-मनमाडमार्गे मुंबईस जाई.

मुंबईहून हे तेल तांबड्या समुद्रातील बंदरांमार्गे कॉन्स्टँटिनोपलला (आजचे इस्तंबूल) पोहोचे, म्हणून युरोपात त्याला बराच काळ ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणत. बल्गेरियातील कझानलिक भागात ते डिंकाच्या पाण्याने व उन्हाने संस्कारित करून गुलाबाच्या अत्तरात मिसळत. या तेलातूनच १८७१ मध्ये ऑस्कर याकोबसेन यांनी जिरॅनिऑल हा अल्कोहॉल वेगळा केला. मुंबईचे व्यापारी त्यात टर्पेंटाइन, सरकी-जवसाचे तेल व रॉकेल मिसळत, ही तक्रार जुनी आहे आणि शरीराला लावायच्या तेलाबाबत ती आजही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

‘मोतिया’ आणि ‘सोफिया’ या दोन नावांचा वाद येथे पाहणे आवश्यक आहे, कारण डासांवरील परिणामाचा पुरावा त्याच्याशी जोडलेला आहे. खानदेशातील गाळणाऱ्यांच्या मते गवत एकच. कोवळा, निळसर-पांढरा तुरा असेपर्यंत ते मोतिया आणि तुरा पिकून तांबूस झाला की सोफिया. मोतियाचे तेल नाजूक वासाचे, सोफियाचे उग्र, म्हणून दोन्ही मिसळून विकत. विसाव्या शतकातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी मात्र हे दोन स्वतंत्र प्रकार मानले : मोतिया कोरड्या, उघड्या उतारांवर विरळ ठोंबांनी वाढतो, सोफिया अधिक ओलसर जागी दाट. दिसण्यात दोन्ही इतके जवळचे की तुरा बोटांत चुरडल्याशिवाय ओळख पटत नाही. एकाला गुलाबाची झाक, दुसऱ्याला आल्याची. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल साधारणपणे ७५ ते ९० टक्के असते. सोफियात ते बरेच कमी असून लिमोनीन व इतर टर्पीन द्रव्ये जास्त असतात. रासायनिक फरक पाहता दोन प्रकार मानणेच योग्य ठरते. तथापि, पक्वतेनुसार तेलाचा वास बदलतो हे गाळणाऱ्यांचे निरीक्षण चूक नव्हते. त्यांनी दोन वेगळे बदल एका नावाखाली घातले असावेत.

जिरॅनिऑल डासांना दूर ठेवते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. त्या हिशेबाने मोतिया सरस ठरायला हवा. पण भारतीय संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला क्षेत्रीय अभ्यास सोफिया तेलाचा आहे. त्यात क्युलिसिफेसीससह ॲनोफेलीस डासांपासून रात्रभर जवळजवळ पूर्ण आणि क्यूलेक्सपासून किंचित कमी संरक्षण मिळाल्याचे नमूद आहे. निष्कर्ष उत्साहवर्धक असले तरी त्यांवरून तान्ह्या मुलांविषयी काही ठरवता येत नाही. जिरॅनिऑल त्वचेला ॲलर्जी आणणाऱ्या सुगंधी द्रव्यांत मोडते. खानदेशात या तेलाची जुनी ख्याती सांधेदुखीवरील मर्दनासाठी आहे. बाळाच्या मालिशीत त्याला स्थान नव्हते, तेथे तीळ किंवा खोबरेल तेलच. मोठ्या माणसांनी ते तीळ किंवा खोबरेल अशा साध्या तेलात विरळ करून, आधी हाताच्या थोड्या भागावर लावून पाहून वापरावे. बाळ उचलून घेणाऱ्याच्या हातांना मात्र ते नसावे. मूल तेच हात चोखते.

इतर द्रव्ये : निंबोळीचे तेल २ टक्के प्रमाणात खोबरेल तेलात मिसळून लावल्यास ॲनोफेलीसपासून चांगले संरक्षण मिळते, असे १९९३ मधील भारतीय प्रयोगांत आढळले, पुढील परीक्षणांत परिणाम इतका एकसारखा आलेला नाही. हे तेल अर्भकांना पाजल्याने उलट्या, झटके, यकृत व मेंदूवर परिणाम आणि मृत्यू झाल्याची प्रकरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. घरातील बाटली औषधांच्या फळीवर न ठेवणे इतकी दक्षता तरी घ्यावीच. कापराबाबत गैरसमज अधिक आहे. पूजेतील म्हणून तो निरुपद्रवी समजला जातो, प्रत्यक्षात थोडा कापूर पोटात गेल्यानेही लहान मुलांना झटके येतात. बाळाच्या उशाशी कापराची पुरचुंडी बांधणे टाळावे. वेखंडातील बीटा-ॲसॅरोन या कर्करोगकारक मानल्या जाणाऱ्या द्रव्यामुळे अमेरिकेत खाद्यपदार्थांतील त्याच्या वापरावर १९६८ पासून बंदी आहे. निलगिरी तेल आणि ‘लिंबवासाच्या निलगिरी’चे तेल यांत नेहमी घोटाळा होतो. डासांवर प्रभावी ठरलेले पीएमडी हे द्रव्य दुसऱ्यापासून मिळते व तेही तीन वर्षांखालील मुलांना लावू नये, अशी अमेरिकी रोगनियंत्रण संस्थेची सूचना आहे. सिट्रोनेलाचा परिणाम तासाभरातच ओसरू लागतो. कुंडीत नुसता उभा असलेला गवती चहा डास हटवीत नाही.

आच्छादन : दोन महिन्यांखालील मुलांच्या त्वचेला कोणतेही डासप्रतिबंधक, नैसर्गिक किंवा कृत्रिम, लावू नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला आहे, त्यांच्यासाठी मच्छरदाणी. खानदेशातील घरांत याबाबत एक बारीक अडचण असते. तान्हे मूल जुन्या लुगड्याच्या झोळीत निजते आणि वरून पातळ फडके टाकले की काम झाले, असे समजले जाते. पण झोळीचे कापड पाठीला ताणून चिकटलेले असते आणि डासाची सोंड अशा मऊ, विरलेल्या कापडातून सहज आत जाते. चावे पाठीवर व मांड्यांच्या मागे उठतात ते यामुळे. जाळी झोळीखालूनही फिरवून घेणे किंवा झोळीच्या तळाशी दुपट्याची जाड घडी देणे हा त्यावर इलाज. उन्हाळ्यात धाब्यावर निजण्याचा रिवाज मुख्यतः उकाड्यामुळे आहे. डास उडण्यात दुबळा असल्याने वाऱ्याच्या जागी त्याचा त्रासही कमी होतो. पंख्याचा उपयोग त्याच कारणाने.

पाणी : नळाला चार-आठ दिवसांआड पाणी येणाऱ्या गावांत रांजण, टाक्या व प्लॅस्टिकचे पिंप भरलेले असणे अपरिहार्य ठरते. ईडीसची अंड्यापासून पूर्ण डासापर्यंतची वाढ उष्ण हवेत साधारण ८ ते १० दिवसांत होते, आणि अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटून कित्येक महिने कोरडी तग धरतात. आठवड्यातून एकदा पाळायचा ‘कोरडा दिवस’ या गणितावर बेतलेला आहे. त्या दिवशी पिंप नुसते उपडे करून भागत नाही, पाण्याच्या रेषेवरची आतली बाजू काथ्याने घासावी लागते. मोठ्या हौदांत व पडक्या विहिरींत डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडतात.