कोर्टात उभे राहण्याआधी वकील काय करतो? (आमच्या पक्षकारांसाठी)

वकीलपत्रावर सही झाली की बहुतेक जण विचारतात, "वकीलसाहेब, कोर्टात कधी बोलणार?" बोलायची वेळ येतेच. पण आमचा बराचसा दिवस कागद वाचण्यात आणि मुदती सांभाळण्यात जातो, आणि प्रकरण बहुधा तिथेच सावरते किंवा बिघडते.

जमीन खरेदीचेच घ्या. सातबाऱ्यावर विकणाऱ्याचे नाव आहे एवढ्यावर आम्ही होकार देत नाही. सातबारा महसुली नोंद आहे. नाव तिथे कसे आले हे फेरफारात (हक्कातील बदलाच्या नोंदीत) आणि जुन्या दस्तांत सापडते. म्हणून साधारण ३० वर्षांचा शोध घेतो, दुय्यम निबंधकाकडच्या (दस्त नोंदणी कार्यालयातल्या) नोंदी, बोजे म्हणजे जमिनीवरची कर्जे, कुळाचे (जमीन कसणाऱ्याचे) हक्क पाहतो. वडील वारल्यावर वारसनोंदीत फक्त भावांची नावे लागलेली, बहिणींची राहिलेली, हे वारंवार दिसते. बहिणींनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र (आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) दिले नसेल, तर उद्या वाटपाच्या दाव्यात खरेदीदारही प्रतिवादी होतो. तेव्हा कृपा करून इसार देण्याआधी या, दिल्यानंतर नको.

चेक परत आला असेल तर मात्र घाई करा. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे भरायला १५ दिवस असतात, ते उलटल्यावर कोर्टात तक्रार करायला एक महिना. "देतो म्हणालाय" या शब्दावर विसंबून मुदत घालवलेला माणूस समोर बसतो, तेव्हा आम्हालाही फार वाईट वाटते.

दिवाणी दाव्याचे समन्स आले तरी तसेच. कैफियतीला, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तराला, ३० दिवस असतात, म्हणून त्याच आठवड्यात कागद घेऊन या.

तारखेला पुकारा होऊन दोन मिनिटांत पुढची तारीख पडते, कधी साक्षीदार नसतो म्हणून, कधी समन्स बजावले गेलेले नसते म्हणून. साक्षीदाराच्या उलटतपासाची तयारी मात्र आदल्या रात्रीपर्यंत चालते.

आमच्यापासून काही लपवू नका. तुम्ही विश्वासाने सांगितलेले गुपित राखण्याचे बंधन कायद्यानेच आमच्यावर आहे. फी आधी ठरते. मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्याची आम्हाला मनाई आहे. आणि फी परवडत नसेल तर तेही सांगा. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो. तो अर्ज आम्ही भरून देऊ.