आवाज येतो, मग चित्र अडतं कुठे?

मोबाइलवर विनातक्रार चालणारा वेबपेजमधला व्हिडिओ सेट-टॉप बॉक्सवर उघडला की टीव्हीवर नुसती काळी चौकट दिसते. बहुतेक जण अशा वेळी इंटरनेटला दोष देऊन राउटर बंद-चालू करतात. पण काळ्या चौकटीमागची कारणं निरनिराळी असतात. बॉक्स नेमकं काय करतोय हे नीट पाहिलं आणि ऐकलं, तर त्यातली बरीचशी घरबसल्या ओळखता येतात.

सर्वांत बोलकं लक्षण म्हणजे आवाज येणं आणि चित्र न दिसणं. आवाज येतोय म्हणजे इंटरनेट चालू आहे, पेज उघडलंय आणि व्हिडिओही बॉक्सपर्यंत पोचतोय. अडचण त्याच्या पुढे आहे. फुल एचडी चित्राच्या एका फ्रेममध्ये 1920 गुणिले 1080, म्हणजे जवळपास 21 लाख ठिपके असतात. सेकंदाला 30 फ्रेम धरल्या तर ही माहिती जशीच्या तशी पाठवायला दर सेकंदाला सुमारे 150 कोटी बिट लागतील. म्हणून ती आक्रसून पाठवतात. आक्रसण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एच.264 हा कोडेक 2003 मध्ये आला, एचईव्हीसी आणि व्हीपी9 हे 2013 मध्ये, एव्ही1 2018 मध्ये. उलगडण्याचं काम चिपमधलं एक खास सर्किट करतं आणि ते कोणते कोडेक जाणतं हे चिप बनतानाच ठरलेलं असतं. जुन्या चिपला कितीही अपडेट दिले तरी तिच्यात एव्ही1चं सर्किट उगवत नाही. मग सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो. स्वस्त बॉक्समध्ये तो बेताचाच असतो, त्यामुळे चित्र अडखळतं किंवा येतच नाही. आवाज उलगडणं मात्र फार हलकं काम आहे, म्हणून तो सुरळीत चालू राहतो.

कोडेक जुळत असूनही चित्र गायब होण्याचं आणखी एक कारण आहे, आणि मला ते सगळ्यात विलक्षण वाटतं. अनेक बॉक्समध्ये वेबपेज आणि व्हिडिओ एकाच थरावर रंगवले जात नाहीत. व्हिडिओचा थर खाली, पेजचा वर. पेजमध्ये व्हिडिओच्या जागी कागदात खिडकी कापावी तसा पारदर्शक भाग ठेवतात आणि त्यातून खालचं चित्र दिसतं. व्हिडिओ दुसऱ्या साइटवरून आणून पेजच्या आत बसवलेला असेल, चौकटीचे कोपरे गोल केलेले असतील किंवा तिच्यावर काही सरकत असेल, तर काही ब्राउझरांना ही खिडकी नीट कापता येत नाही. व्हिडिओ खाली व्यवस्थित चालू असतो, फक्त झाकला गेलेला असतो. याची परीक्षा सोपी आहे: व्हिडिओ फुल स्क्रीन करा. चित्र दिसलं तर कोडेक ठीक आहे, घोळ थरांचा आहे.

आवाजही नाही आणि चित्रही नाही, तर आधी बॉक्सची तारीख पाहा. कित्येक बॉक्सना घड्याळासाठी वेगळी बॅटरी नसते. वीज गेली की तारीख मागे जाते, कधी थेट 1 जानेवारी 1970 वर. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला, म्हणजे तिची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याला, मुदत असते, त्यामुळे चुकीच्या तारखेला ते अवैध ठरतं. तारीख बरोबर असूनही मोजक्याच साइट अडत असतील, तर बॉक्समधली विश्वासार्ह प्रमाणपत्रांची यादी जुनी झालेली असू शकते. लेट्स एन्क्रिप्ट ही साइटना मोफत प्रमाणपत्रं देणारी संस्था ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारावर चालत होती, त्याची मुदत 30 सप्टेंबर 2021 रोजी संपली, तेव्हा काही जुन्या उपकरणांवर असंच झालं. पेज एका साइटचं आणि व्हिडिओ दुसऱ्या साइटचा असेल, तर पेज नीट उघडतं आणि व्हिडिओ काही न सांगता नापास होतो.

चौकटीत प्ले बटण दिसतंय पण रिमोटने तिथे पोचताच येत नाही, हाही नेहमीचा त्रास. एप्रिल 2018 पासून क्रोमने आवाजासह आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओंवर बंधनं आणली. त्यामुळे बटण दाबावंच लागतं, आणि रिमोटचे बाण काही वेळा आत बसवलेल्या चौकटीत शिरतच नाहीत. यूएसबी माऊस जोडून क्लिक करा. चाललं, तर दोष व्हिडिओचा नाही. फ्लॅश या जुन्या तंत्रावर बनलेले व्हिडिओ मात्र सोडून द्यावेत. अडोबीने 12 जानेवारी 2021 पासून फ्लॅश प्लेअरमध्ये ते चालणं बंद केलं आहे.

फॅक्टरी रीसेटची घाई मात्र कृपा करून करू नका. अँड्रॉइड बॉक्समध्ये रीसेट केल्यावर ब्राउझर आणि वेबव्ह्यू, म्हणजे अ‍ॅपच्या आत वेबपेज दाखवणारा भाग, हे दोन्ही सहसा कारखान्यातून आलेल्या जुन्या आवृत्तीवर परत जातात. रीसेट झालाच असेल, तर व्हिडिओ तपासण्याआधी ते दोन्ही अपडेट करून घ्या.