टेक्सासच्या शाळांतला सशस्त्र पहारा: ऐच्छिक ते सक्तीचा

टेक्सासमधल्या प्रत्येक सार्वजनिक शाळेत, शाळेच्या वेळात किमान एक सशस्त्र सुरक्षा अधिकारी हजर हवा, असं सांगणारं 'हाउस बिल ३' १ सप्टेंबर २०२३ पासून लागू झालं. डॅलस-ह्यूस्टनकडच्या मराठी घरांतली मुलंही बहुतेक याच शाळांत जातात.

कायद्याचं तात्कालिक कारण टेक्सासमधलं युवाल्डी गाव. २४ मे २०२२ रोजी तिथल्या रॉब प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. खटकणारी गोष्ट अशी की तिथे बंदुकांची वाण नव्हती. स्कूल डिस्ट्रिक्टचं (त्या भागातल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या संस्थेचं) स्वतःचं पोलीस दल होतं, विविध यंत्रणांचे मिळून ३७६ जण घटनास्थळी पोचले, आणि तरी हल्लेखोराला गाठायला ७७ मिनिटं लागली.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. १९९९ मध्ये कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलवर नेमलेला सशस्त्र डेप्युटी (शेरीफच्या खात्यातला पोलीस) होता, त्याने हल्लेखोरावर गोळ्याही झाडल्या. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडला १७ जण मेले, तेव्हा नेमणुकीवरचा डेप्युटी इमारतीबाहेरच थांबला. त्याच वर्षी मे महिन्यात टेक्सासच्याच सांता फे हायस्कूलमध्ये १० बळी गेले. पोलीस तिथेही होते, त्यांतला एक गंभीर जखमी झाला. दर वेळी उपाय मात्र तोच निघाला: आणखी सशस्त्र माणसं. हा मार्ग ठळकपणे मांडला तो बंदूकधारकांच्या 'नॅशनल रायफल असोसिएशन'ने. कनेक्टिकटमधल्या सँडी हूक प्राथमिक शाळेत २० मुलं व ६ कर्मचारी मारले गेल्यावर, आठवड्याभरातच, डिसेंबर २०१२ मध्ये, प्रत्येक शाळेत सशस्त्र पोलीस नेमा अशी मागणी तिने केली.

टेक्सासने २०१३ मध्ये 'स्कूल मार्शल' योजना आणली. शाळेच्याच कर्मचाऱ्याला ८० तासांचं प्रशिक्षण देऊन शस्त्र बाळगू द्यायचं. त्या वेळच्या नियमानुसार मुलांमध्ये नेहमी वावरणाऱ्याने ते कुलपात ठेवायचं. ज्या शाळेला हवं तिने करावं, असा तो मामला होता. पार्कलंडनंतर फ्लोरिडाने प्रत्येक शाळेत सुरक्षा अधिकारी सक्तीचा केला. पण त्याच कायद्यात बंदूक विकत घेण्याचं किमान वय २१ वर नेलं.

टेक्सासने यातला पहिला भाग उचलला. युवाल्डीचा हल्लेखोर १८ वर्षांचा होता, रायफली त्याने कायदेशीरपणे विकत घेतल्या होत्या. अर्धस्वयंचलित रायफलींसाठी वयोमर्यादा २१ करणारं विधेयक मे २०२३ मध्ये समितीत ८ विरुद्ध ५ मतांनी मंजूरही झालं, पण मुदत टळल्याने सभागृहात मतदानाला आलंच नाही. त्याच अधिवेशनात 'हाउस बिल ३' पार पडलं.

पैशाचं गणित मात्र जमलं नाही. राज्याने सुरुवातीला दिले प्रत्येक शाळेमागे वर्षाला १५,००० डॉलर आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे १० डॉलर. एवढ्यात पूर्णवेळ पोलिसाचा पगार निघत नाही. म्हणून कायद्यातच पळवाट ठेवली आहे: निधी किंवा माणूस मिळत नसेल, तर सबळ कारण दाखवून सूट घ्या आणि पर्यायी व्यवस्था करा. पर्याय म्हणजे पुन्हा तेच, मार्शल किंवा शस्त्र बाळगणारा शाळेचा कर्मचारी. अनेक डिस्ट्रिक्टांनी हाच रस्ता धरला.