सवतीच्या नाटकापासून मुलांच्या बंडापर्यंत : इजिप्तमधील कौटुंबिक विनोदी नाटके

१८४७च्या सुमारास बैरूतमध्ये मारून अल-नक्काश यांनी स्वतःच्या राहत्या घरी एका कंजुषावरचे संगीत विनोदी नाटक सादर केले, आणि आधुनिक अरबी रंगभूमीचा आरंभ तेथूनच मानला जातो. संसारातले प्रश्न मात्र ऐरणीवर आले ते कैरोत. तेथे १८७०मध्ये नाटकमंडळी उभी करणाऱ्या याकूब सनू यांनी बोलीभाषेत ‘अल-दर्रतान’, म्हणजे ‘दोन सवती’, हे नाटक लिहिले. सवतीसाठी असलेला ‘दर्रा’ हा अरबी शब्द ‘हानी’ या अर्थाच्या धातूशी जोडलेला आहे, आणि दुसरी बायको करणाऱ्या नवऱ्याच्या घरातली शांतता कशी नाहीशी होते, हेच सनू यांनी दाखवले. इजिप्तचे तत्कालीन शासक खेदिव इस्माईल यांना ते रुचले नाही, असे सनू यांनीच नोंदवून ठेवले आहे. १८७२मध्ये त्यांचे नाट्यगृह बंद झाले.

सनू यांचे खरे धाडस मला भाषेत दिसते. ग्रांथिक अरबी कोणाच्याही स्वयंपाकघरात बोलली जात नाही, आणि नवराबायकोचे भांडण त्या भाषेत रंगवले, तर त्याचे प्रवचन होते. १९१६पासून विनोदी नट नजीब अल-रिहानी यांनी कापसाचे पैसे कैरोत उधळणारा गावचा उमदा, म्हणजे मुखिया, ‘किशकिश बे’ लोकप्रिय केला, तोही बोलीच्याच बळावर.

इजिप्तमधील राजेशाही उलथवणाऱ्या १९५२च्या क्रांतीनंतर घराची रचनाच नाटकाचा विषय झाली. नुमान आशूर यांच्या १९५६च्या ‘अल-नास इल्ली तहत’ (‘खालची माणसे’) या नाटकात जुन्या वर्गातली घरमालकीण आणि तळघरातले भाडेकरू एकाच छताखाली दिसतात. त्यांच्याच ‘आइलत अल-दुग्री’ (‘दुग्री कुटुंब’) या नाटकात वडिलोपार्जित घर विकण्यावरून भावंडे हमरीतुमरीवर येतात, आणि ज्याने त्यांना अंगाखांद्यावर वाढवले तो म्हातारा नोकर तवाफ अनवाणीच राहतो. त्याचे मागणे बुटांच्या एका जोडाचे असते. प्रेक्षक हसता हसता तेथेच थबकतो.

१९७९च्या ‘अल-इयाल किब्रित’ (‘मुले मोठी झाली’) या नाटकात वडिलांच्या दुसऱ्या लग्नाचा बेत मुलांना कळतो. सनू यांच्याकडे भांडण सवतींचे होते. येथे आईच्या बाजूने उभी राहून बापाची वाट अडवणारी मुले आहेत. या प्रयोगाचे चित्रीकरण ईदच्या सुट्टीत दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे लागत आले आहे, आणि आपापल्या दिवाणखान्यांत बसून घरची मंडळी ते एकत्र पाहतात.