भुलीतलं घुबड आणि शेतातला प्रश्न

मेंदूवर काम करणाऱ्यांत गेली काही वर्षं एक आग्रह वाढतो आहे: प्राण्याला त्याच्या मनासारखं वागू द्या, मग मेंदूत डोकवा. २०१७ साली मेंदूशास्त्रज्ञ जॉन क्रॅकॉअर आणि सहकाऱ्यांनी ‘न्यूरॉन’ या नियतकालिकात उघड तक्रारच मांडली, की मेंदूतल्या पेशींचं काम टिपण्याची नवी साधनं आली आणि वागणं नीट बघायचं मागे पडलं. पुढच्याच वर्षी साध्या व्हिडिओतून पंजा, नाक, शेपटी कुठे आहे ते संगणकाकडून टिपून घेणारं ‘डीपलॅबकट’ आलं. वाद मात्र जुना आहे.

१९१३ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वॉटसनने बजावलं, मनाचं सोडा, दिसणारं वागणं तेवढं अभ्यासा. पुढे त्याच वाटेने गेलेल्या स्किनरच्या पेटीत उंदीर दांडी दाबून दाणा मिळवू लागला. उंदीर काय नि कबूतर काय, शिकण्याचे नियम सारखेच, असा त्यामागे भरवसा. युरोपात प्राण्यांचं निसर्गातलं वागणं बघणाऱ्या लॉरेन्झ आणि टिनबर्गन यांना हे पटणारं नव्हतं. नेदरलँड्समधल्या लायडनला टिनबर्गनच्या प्रयोगशाळेत स्टिकलबॅक माशांच्या टाक्या खिडकीशी ठेवलेल्या असत. रस्त्यावरून टपालाची लाल गाडी गेली, की नर तिच्या रोखाने चवताळून उठत. विणीच्या हंगामात प्रतिस्पर्ध्याचं पोट लाल होतं ना! १९६३ साली टिनबर्गनने चार प्रश्न वेगळे केले: वागणं कशामुळे घडतं, वाढत्या वयात कसं घडत जातं, त्याचा उपयोग काय आणि उत्क्रांतीत ते आलं कसं. १९७३ चं नोबेल लॉरेन्झ, टिनबर्गन आणि मधमाश्यांचा अभ्यासक फॉन फ्रिश यांना मिळालं. मेंदूवाल्यांनी बहुतेक वेळा पहिलाच प्रश्न उचलला.

पण ‘नैसर्गिक’ कशाला म्हणायचं? पिल्लू एकटं वाढवलं आणि तरी ते तसंच वागलं, म्हणजे वागणं उपजत, असं लॉरेन्झचं म्हणणं. १९५३ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेहरमनने विचारलं, एकटं म्हणजे नेमकं कशापासून तोडलेलं? स्वतःच्या अंगापासून तर नाही.

मला इथे गव्हाणी घुबड आठवतं. ते मिट्ट काळोखात नुसत्या आवाजावर उंदीर धरतं. त्याचा एक कान वर, एक खाली. आवाज कोणत्या कानाशी आधी पोचला यावरून डावं-उजवं कळतं, कुठे मोठा ऐकू आला यावरून वर-खाली. १९७८ साली नूडसन आणि कोनिशी या मेंदूशास्त्रज्ञांना त्याच्या मध्यमेंदूत चक्क नकाशा सापडला: एकेक पेशी एकेका दिशेच्या आवाजालाच दाद देणारी. तो सापडला कसा? प्रतिध्वनी न उठणाऱ्या खोलीत, भूल दिलेल्या घुबडाभोवती स्पीकर फिरवून. उंदीर नाही, झेप नाही, शुद्धसुद्धा नाही. नैसर्गिक होता तो फक्त प्रश्न. घुबडाची शिकार ठाऊक नसती, तर स्पीकर असा फिरवून बघायचं कोणाला सुचलं असतं?

आणि आज ‘मोकळा सोडलेला’ म्हणून ज्याचं चित्रण होतं, तो प्रयोगशाळेतला उंदीर बघा. त्याच्या कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच वाढल्या. घुबड त्यांतल्या एकानेही पाहिलेलं नाही.